सुपातले गाणे

गाणे ऐकावयाचे असते, ही समजूत आता जुनी झाली. आजची मुले गाणे पाहतात. नवे गाणे निघाले की त्याची चाल कशी आहे असे कोणी विचारीत नाही. व्हिडिओ कसा आहे, असे विचारतात. यावर नाक मुरडणारी वडीलधारी मंडळी आपल्या प्रत्येक गावात आहेत. मला मात्र तसे करण्याचे कारण दिसत नाही. आपल्या आज्या जात्यावर बसून गात होत्या, फुगडी घालताना गात होत्या, शेतात रोप लावताना गात होत्या. त्या काळीही गाणे नुसत्या कानाने घेतले जात नव्हते. हात, पाय आणि डोळे यांचाही त्यात वाटा होता. तेव्हा गाण्याला चित्राची जोड मिळाली, यात बिघडले काहीच नाही. बिघडते ते दुसऱ्या ठिकाणी, आणि त्याविषयीच आज वाचकांशी चार शब्द बोलावे असे मनात आहे.

बिघडते ते पैशाच्या ठिकाणी. चित्र म्हटले की पैसा, आणि पुष्कळ चित्र म्हटले की पुष्कळ पैसा, असे आपल्या तरुणांच्या मनाने घेतले आहे. आकाशातून टिपलेली दृश्ये हवीत, म्हणून ड्रोन हवा. दहा-बारा नाचणारे हवेत, त्यांना एकसारखे कपडे हवेत, आणि हे सारे टिपणारा शहरातील छायाचित्रकार हवा. ज्याच्या घरी दोन म्हशी आणि चार गुंठे जमीन, तोही मुलगा हे हिशेब मांडू लागतो. आणि मग त्या हिशेबाची झळ स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचते.

गेल्या वर्षी सुगी आटोपल्यावर आमच्या गावातील सात तरुण एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पडवीत मला भेटले. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. जंगल, पाऊस आणि भात यांचे गाव. लग्नघरी तांदूळ पाखडताना आमच्या बायका एक गाणे म्हणतात. लेक म्हणजे भाताचा तरवा: एका वाफ्यात पेरलेला, तेथून उपटून दुसऱ्याच शेतात लावलेला, आणि तेथेच पिकणारा, असा त्या गाण्याचा भाव आहे. लेक दाण्यांना विचारते की माझे शेत कोणते. दाणे तिला एकेक वाट दाखवितात. हे गाणे पूर्ण येणारी बाई गावात एकच उरली होती. ती त्या सातांपैकी एकाची आजी. वय चौऱ्याऐंशी, दम्याचा त्रास. "आजी आहे तोवर ह्या गाण्याचा व्हिडिओ करायचा आहे, फादर," असे मुले म्हणाली. मला फार बरे वाटले.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. शहरातील एका स्टुडिओने खर्चाचा अंदाज लिहून दिला होता: ६०,००० रुपये. मुलांपाशी जमले होते ४,२०० रुपये. उरलेल्याची वाट त्या नातवाने शोधून ठेवली होती. त्याच्या आईच्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या गहाण ठेवावयाच्या. त्या माउलीची मी गाठ घेतली, तेव्हा ती म्हणाली, "पोराचं मन मोडवत नाही, फादर. पाटल्या काय, सोडवता येतील." त्या पाटल्या तिने धाकट्या मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवल्या होत्या, हे तिने सांगितले नाही, ते मला ठाऊक होते. लेकीच्या पाठवणीच्या गाण्यासाठी लेकीच्याच पाटल्या गहाण पडणार होत्या.

त्या स्टुडिओचा दर अवाजवी होता, असे मी म्हणत नाही. यंत्रांना पैसा लागतो, कारागिरांनाही पोट असते. प्रश्न दराचा नव्हताच. त्या गाण्याला ड्रोनची गरज आहे काय, हा प्रश्न होता, आणि तो कोणीच विचारला नव्हता. मी मुलांना म्हटले, "पाटल्यांचे आपण महिन्याभराने बोलू. तोवर चार रविवार संध्याकाळी माझ्याकडे या." सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, एकाने प्रोजेक्टर मागून आणला, आणि थोडक्या साधनांत झालेली काही कामे आम्ही एकत्र बसून पाहिली. तो अभ्यास आमच्या मुलांपुरताच न राहता इतरांच्याही उपयोगी पडावा, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आरंभ आम्ही घरच्याच माणसापासून केला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला, आणि आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर आणाव्यात या विचाराने ते झपाटले. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' साठी पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. आमच्या नातवालाही तेवढीच ठाऊक होती, आणि पाटल्यांच्या बाजूने तो तिचा दाखला देत होता. परंतु त्या आधीची गोष्ट फार थोडे लोक सांगतात. भांडवल देणाऱ्यांना आपली विद्या पटवून देण्यासाठी फाळक्यांनी प्रथम जे चित्र केले, त्यात ना राजा होता, ना राणी. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडेथोडे चित्र घेत राहिले. पडद्यावर ते पाहणाऱ्यांना काही क्षणांत दाणा फुटून वेल वर चढताना दिसला. ते पाहून माणसांनी पैसा पुढे केला. दागिन्यांच्या आधी वाटाणा होता, एवढे मुलांनी ध्यानात घ्यावे असे मला वाटले. सरस्वतीबाईंचा वाटाही केवळ दागिन्यांचा नव्हता. फिल्मला भोके पाडण्यापासून कितीतरी किचकट कामे त्या स्वतः करीत.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोन परदेशी चित्रफिती पाहिल्या. अमेरिकन गायक बॉब डिलन याच्या एका गाण्याचे चित्रण १९६५ च्या मे महिन्यात लंडनच्या सव्हॉय हॉटेलालगतच्या गल्लीत झाले. पेनबेकर नावाचा दिग्दर्शक त्याच्या दौऱ्यावर माहितीपट करीत होता. त्याच माहितीपटाच्या आरंभी हा तुकडा आहे. गायक गल्लीत उभा आहे. तो गात नाही, ओठही हलवीत नाही. त्याच्या हातात मोठाल्या पुठ्ठ्यांची चवड आहे. गाण्यातील निवडक शब्द त्यांवर हाताने लिहिलेले आहेत. शब्द गाण्यात आला की तो पुठ्ठा दाखवून खाली टाकतो, आणि पुढचा धरतो. कॅमेरा जागचा हलत नाही. पुठ्ठे आणि शाई याखेरीज त्यास खर्च तो काय आला असेल? साठ वर्षे लोटली, तरी जगभरचे लोक त्याचे अनुकरण करीत आहेत.

दुसरी चित्रफीत 'कोल्डप्ले' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'यलो' या गाण्याची, २००० सालची. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात स्टडलंडचा समुद्रकिनारा आहे. तेथे सर्व वादकांनी मिळून, पुष्कळशी माणसे गोळा करून चित्रण करावे, असा मूळ बेत होता. परंतु त्याच दिवशी त्यांच्यातील ढोलवादकाच्या आईचे अंत्यसंस्कार होते, आणि हवाही पावसाळी व बोचरी होती. सारा बेत गळून पडला. उरला एकटा गायक, ओली वाळू आणि उजाडत जाणारे आकाश. तो चालत गातो, कॅमेरा त्याच्यापुढे मागे सरत जातो, आणि एकदाही न तुटता गाणे संपते. त्यातील एक युक्ती मुलांना फार आवडली. दृश्य संथ दिसते, तरी ओठ मात्र गाण्याशी जुळतात. हे कसे? चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजविले, गायकाने त्या वेगाने ओठ हलविले, आणि सेकंदाला पन्नास चित्रे घेऊन ती निम्म्या वेगाने दाखविली. आजच्या साध्या मोबाइलवरही हे करता येते.

हे पाहून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "फादर, इथे जे नाही तेच चांगलं वाटतं." तिचे म्हणणे मला पटले. इतर माणसे आली असती, ऊन पडले असते, तर ते गाणे कदाचित शंभर गाण्यांसारखे एक झाले असते.

तिसऱ्या रविवारी श्रम म्हणजे काय ते पाहिले. 'ओके गो' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाचे चौघे जण २००६ साली व्यायामशाळेतल्या आठ ट्रेडमिलवर नाचले. नृत्य बसविले ते गायकाच्या बहिणीने. चित्रणही तिच्याच घरी झाले. कॅमेरा एका जागी, दृश्य अखंड. एकाचा पाय चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सतराव्या प्रयत्नाला ते साधले. पुढच्याच वर्षी त्या चित्रफितीला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पैशाची जागा येथे सरावाने घेतली होती. पैसा नसेल तर वेळ द्यावा लागतो, आणि वेळही द्यावयाचा नसेल तर मग कोणीच मदत करू शकत नाही; हे मी मुलांना स्पष्टच सांगितले.

चौथ्या रविवारी २००९ सालच्या दोन चित्रफिती पाहिल्या. 'साउर' या जपानी वाद्यवृंदाने देशोदेशीच्या चाहत्यांकडून त्यांच्या त्यांच्या घरी, संगणकावरील कॅमेऱ्यापुढे, हातवारे करवून घेतले, आणि ते लहान लहान चौकोन जुळवून एक मोठे चित्र उभे केले. ओरेन लाव्ही या इस्रायली गायकाची चित्रफीत याहून वेगळी. वर छताकडून पाहणारा कॅमेरा, आणि खाली एक बिछाना. झोपलेली तरुणी त्या बिछान्यावरच चालते, जिना चढते, पाण्यात पोहते; उशा, चादरी आणि पायमोजे यांचे ढग, लाटा आणि मासे होतात. दोन हजारांहून अधिक स्थिर छायाचित्रे एकापुढे एक मांडून हे साधले आहे. प्रत्येक छायाचित्रापूर्वी सारे काही केसभर सरकवावयाचे, आणि मग टिपावयाचे. फाळक्यांच्या वाटाण्याची ही नात, असे मी म्हणालो, तेव्हा मुले हसली. परंतु दुवा त्यांच्या लक्षात आला.

आता आमच्या गाण्याकडे वळतो. आवाज आधी, चित्र नंतर, हा पहिला नियम. आजीच्या माजघरात दारा-खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमत नाही. पंखा आणि फ्रीज बंद केला. दुपारी दोनची वेळ निवडली, कारण तेव्हा कोंबडी आणि मुले दोन्ही शांत असतात. मध्येच कोणाचा फोन येऊ नये, अशी व्यवस्था करून मोबाइल घडी घातलेल्या गोधडीवर, आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. सगळे सज्ज झाले, आणि आजीला एक ओळ आठवेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ती मध्येच थांबली. "हात रिकामा असला की तोंडातनं येत नाही रे," असे ती म्हणाली. सुनेने कोपऱ्यातले सूप आणले, त्यात दोन मूठ तांदूळ घातले, आणि आजीच्या हाती दिले. आजी पाखडू लागली, आणि सारी कडवी एकामागून एक आली. सुपाचा तो सळसळता आवाज गाण्यात मिसळला. तो काढून टाकावा काय, असे एकाने विचारले. दुसऱ्याने सांगितले, "तो ताल आहे." तेव्हापासून आमच्या गाण्याला दुसरे वाद्य लाभले नाही, आणि ते कोणाला उणेही वाटले नाही.

आणि चित्राची कल्पना? ती त्याच दुपारी त्याच सुपात सापडली. गाणे दाण्यांचे, ताल दाण्यांचा. मग चित्रही दाण्यांचेच असावे. सारवलेले सूप जमिनीवर सपाट ठेवावयाचे, त्यावर पांढऱ्या तांदळाने घर रेखावयाचे, घराला दार, दारातून वाट, वाटेवर गाडी, गाडीपुढे नदी. आणि दाणे थोडेथोडे सरकवीत, लाव्हीच्या बिछान्याप्रमाणे, एकेक छायाचित्र घ्यावयाचे. साठ हजारांच्या कागदावर या कल्पनेसाठी ओळच नव्हती. ती सुचावयास आजीपाशी बसावे लागले.

हिशेब केला. गाणे दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे, म्हणजे १६० सेकंदांचे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. त्या मानाने ३,८४० छायाचित्रे लागली असती. सेकंदाला आठ घेतली तर १,२८०. हालचाल थोडी अडखळत दिसेल खरी. पण दाणे अडखळतच चालतात, असे म्हणून आम्ही आठांवर समाधान मानले. तासाला साठ छायाचित्रे झाली, तर एकवीस-बावीस तासांचे काम. रोज सायंकाळी तीन तास, आठ सायंकाळी.

कामाच्या चार गोष्टी सांगतो, कारण कोणी हे करून पाहील तर उपयोग होईल. दोन बाकांवर एक फळी आडवी टाकली, तिला सुताराकडून भोक पाडून घेतले, आणि त्या भोकावर मोबाइल पालथा ठेवला. हे आमचे स्टँड. बटण दाबताना मोबाइल हलतो, म्हणून तारेचा इअरफोन जोडला आणि त्यावरील आवाज वाढविण्याच्या बटणाने छायाचित्र घेतले. उजेड दर घटकेला बदलतो, म्हणून खिडक्या झाकून दोन्ही बाजूंना दोन बल्ब लावले, आणि त्यांपुढे पातळ पांढरे कापड धरले, म्हणजे सावल्या मऊ पडतात. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक मोबाइलवर प्रकाशाचे माप कायम राहते. ते न केल्यास चित्र दिव्यासारखे लुकलुकते. पांढरा सदरा घातलेला माणूस सुपाजवळ वाकला की त्याचा उजेड सुपावर पडतो. त्यामुळे सर्वांनी काळपट कपडे घालावेत असे ठरले. दाणे सरकविण्यासाठी खराट्याच्या काड्या वापरल्या. छायाचित्रे जुळविण्याचे काम मोबाइलवरील एका विनामूल्य अ‍ॅपने झाले. एकंदर खर्च १,१३० रुपये आला, आणि त्यात चहा-पावाचाच वाटा मोठा होता.

पाचव्या सायंकाळी एक प्रसंग घडला. सुपावर घर, अंगण आणि वाट इतके सारे जुळले होते; लेक दारातून बाहेर पडावयाची होती. इतक्यात पाहावयास आलेल्या एका लहानग्याने भिंतीवरचे बटण दाबले, आणि वरचा पंखा सुरू झाला. क्षणात घर उडाले. तीन तासांची मेहनत विखुरलेल्या दाण्यांच्या रूपाने पुढ्यात पडली होती. कोणी बोलेना, एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा सातांमधला सर्वांत अबोल मुलगा हळूच म्हणाला, "असंच राहू द्या. फोटो घ्या." मग त्या विस्कटलेल्या दाण्यांना त्यांनी वाऱ्यावर जातात तसे आणखी थोडेथोडे लांबविले, आणि वीस-पंचवीस छायाचित्रे घेतली. आज ती चित्रफीत पाहताना लेकीचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडते, आणि तिच्यामागे घरच वाऱ्यावर उडून जाते. ज्यांनी मुलगी सासरी धाडली आहे, त्यांना त्या जागी काही समजावून सांगावे लागत नाही.

शेवटच्या कडव्यात विखुरलेले दाणे गोळा करणारे हात हवे होते. आजीचे हात थरथरत होते, म्हणून नातवाच्या आईला बोलाविले. तिच्या हातात त्या दोन पाटल्या होत्या. बल्बच्या उजेडात त्या अशा झळकल्या की चित्र घेणाऱ्याने आपण होऊन हात थांबवून पाहिले. नातू काही बोलला नाही. पाटल्या गहाण ठेवण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. आणि गाण्याच्या अखेरीस दाणे ओंजळीत घेणारे ते हात आता कायमचे त्या चित्रात आहेत.

नाताळच्या कार्यक्रमात सभागृहातल्या त्याच चादरीवर सर्व गावाने ती चित्रफीत पाहिली. आजीला पुढच्या रांगेत बसविले होते. संपल्यावर तिने एवढेच विचारले, "माझा आवाज एवढा म्हातारा झाला होय?" सगळे हसले. मग तिने आणखी एकदा लावावयास सांगितले.

लाखो लोकांनी ती पाहिली, असे मी लिहू शकलो असतो तर काही वाचकांना अधिक बरे वाटले असते. तसे झाले नाही. काही शे माणसांनी पाहिली. पण ती कोण माणसे? गोव्यात, पुण्यात, आखातात कामाला गेलेली आमचीच माणसे. आणि आमच्या गावातून लग्न होऊन दूर गेलेल्या लेकी. त्यांपैकी एकीचा गोव्याहून फोन आला. तिची आई, आजीची मैत्रीण, फार वर्षांपूर्वी वारली. "फादर, नदीच्या कडव्यानंतर आमची आई आणखी एक कडवं म्हणायची. आजी ते विसरली की काय?" असे म्हणून ती बाई फोनवरच गाऊ लागली. नातवाने तो फोन आजीच्या कानाला लावला. आजी ऐकत राहिली, आणि दुसऱ्या ओळीपासून आपणही म्हणू लागली. ते कडवे कुठल्याच वहीत नव्हते. एका चित्रफितीमुळे ते दोन गावांच्या मधून पुन्हा घरी आले. साठ हजार रुपये खर्चूनही याहून मोठे काही मिळाले असते, असे मला वाटत नाही.

यावरून पैसा वाईट, किंवा मोठी चित्रे वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या गाण्याला समुद्र हवा, त्याला समुद्र मिळावा. ज्याला शंभर वादक हवेत, त्याला ते मिळावेत. पण गाण्याला काय हवे, हे आधी गाण्यालाच विचारले पाहिजे. हाती पैसा असला की हे विचारणे राहून जाते. दुसऱ्यांनी जे केले तेच विकत घेता येते, आणि विकत घेतलेले सर्वांचे सारखे दिसते. पैसा नसला की माणसाला थांबावे लागते. गाण्यापाशी, ते गाणाऱ्यापाशी, त्याच्या हातातल्या कामापाशी बसावे लागते. वाटाणा, पुठ्ठे, ओली वाळू, बिछाना, सूप: या साऱ्या कल्पना तेथेच बसून सुचल्या आहेत.

घराघरांतून आज एकतरी मोबाइल आहे, आणि बहुतेक घरांतून एकतरी असे गाणे आहे की जे एकाच माणसाला पूर्ण येते. ते माणूस हाताने काय करता करता गाते, ते पाहा. भाकरी थापताना, जाळे विणताना, बाळाला आंदुळताना, गुरे बांधताना, जे काही असेल ते. त्या कामात व्यत्यय न आणता, गोधडी टांगून, मोबाइल वीतभर अंतरावर ठेवून, प्रथम आवाज तेवढा घेऊन ठेवा. तो एकदा हाती आला की चित्र करावयास पुढे वेळ आहे. मुलांच्या हाती त्यासाठी काही द्यावयाचे असेल, तर आईवडिलांनी पाटल्या देऊ नयेत; सुपाजवळ बसावयास आठ सायंकाळी द्याव्यात.